राष्ट्राध्यक्षाने राखलेली जमीन पुढचा राष्ट्राध्यक्ष मोकळी करू शकतो का?

प्रश्न असा आहे. अमेरिकेत एका राष्ट्राध्यक्षाने सही करून लाखो एकर सरकारी जमीन संरक्षित केली, तर पुढच्याला तशीच सही करून ते संरक्षण काढून घेता येतं का? येत नसेल, तर डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी यूटा राज्यातल्या बेअर्स इअर्स या ‘राष्ट्रीय स्मारका’चा (अशा राखलेल्या क्षेत्राला तिकडे हेच नाव आहे) सुमारे ८५ टक्के भाग वगळला तेव्हा न्यायालयाने त्यांना अडवलं का नाही? विचारणारे पुण्यात वकिली करतात. त्यामुळे पुढची शंकाही साहजिक आहे: अधिसूचना काढण्याचा अधिकार ज्याला असतो त्यालाच ती रद्द करण्याचाही असतो, हे आपल्याकडचं तत्त्व तिकडे चालत नाही का?

मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या सार्वजनिक जमिनींच्या कायद्यात काम करतो आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: राष्ट्राध्यक्षाला असं संरक्षण काढता येत नाही. पण हे माझं मत आहे, न्यायालयाचा निकाल नाही. असं संरक्षण ज्या अँटिक्विटीज ॲक्टखाली (पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली) दिलं जातं, तो १९०६ चा. तेव्हापासून हे लिहीपर्यंत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या एका प्रश्नाचा निकाल दिलेला नाही. तो का दिला गेला नाही, हे समजलं की बाकीचं बरंचसं उलगडतं.

आधी जमीन कोणाची ते पाहू. अमेरिकेच्या एकूण भूभागापैकी साधारण २८ टक्के, म्हणजे ६४ कोटी एकरांच्या आसपास जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे, आणि तिचा मोठा हिस्सा पश्चिमेच्या राज्यांत आहे. नेवाडात सुमारे ८० टक्के, यूटात ६० टक्क्यांहून जास्त. सातबाऱ्यावर नाव केंद्राचं असलं, तरी त्या जमिनीचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला दिलेला नाही. चौथ्या अनुच्छेदातल्या तिसऱ्या कलमाने तो काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे. राष्ट्राध्यक्षाकडे जे काही आहे ते काँग्रेसने सोपवलेलं आहे. या विषयावरच्या बहुतेक चर्चा हा मुद्दा विसरून ‘अध्यक्षाच्या अधिकारा’पासून सुरू होतात, आणि तिथेच चुकतात.

आता १९०६ चा अँटिक्विटीज ॲक्ट. नैऋत्येकडच्या कडेकपारीतली आदिवासींची जुनी वस्तीस्थानं त्या काळी सर्रास उकरली जात होती. १८९१ मध्ये नॉर्डेनशेल्ड नावाच्या तरुणाने कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्देमधून भांडी, अवशेष, मानवी सांगाडेसुद्धा गाड्या भरून बाहेर काढले. त्याला अटक झाली, पण त्याने नेमका कोणता कायदा मोडला हे कोणालाच दाखवता येईना, म्हणून सोडून द्यावं लागलं. तो संग्रह शेवटी फिनलंडमधल्या हेलसिंकीला पोहोचला. अशा लुटीला आळा घालण्यासाठी हा कायदा झाला आणि ८ जून १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली.

त्याचं मुख्य कलम अगदी छोटं आहे. सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीवरच्या ऐतिहासिक खुणा, वास्तू आणि ‘ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक महत्त्वाच्या इतर वस्तू’ राष्ट्राध्यक्षाने आपल्या विवेकाने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर कराव्यात, आणि त्यांच्या जतनाला पुरेल इतकी कमीत कमी जमीन राखून ठेवावी. मसुद्याच्या काळात ३२० किंवा ६४० एकरांची मर्यादा घालावी असे प्रस्ताव आले होते. काँग्रेसने आकडा न घालता ‘कमीत कमी’ हे शब्द स्वीकारले. आजवरचे जवळजवळ सगळे खटले या एका वाक्यातून निघाले आहेत.

पहिलं स्मारक वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा सुळका. सप्टेंबर १९०६, क्षेत्र हजारभर एकर. त्यावर कोणी भांडलं नाही. पण जानेवारी १९०८ मध्ये रूझवेल्टनी ग्रँड कॅन्यनची ८ लाखांहून जास्त एकर जमीन याच कायद्याखाली राखली, आणि खरा वाद तिथून सुरू झाला. राल्फ कॅमेरॉन नावाच्या राजकारणी गृहस्थाने दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल पायवाटेच्या तोंडाशी खाणीचे दावे लावले होते. खाणीतून फारसं काही निघत नव्हतं. कमाई होती ती पायवाटेवरून जाणाऱ्या प्रवाशांकडून घेतलेल्या टोलची. त्याने न्यायालयात म्हटलं, एवढी अवाढव्य दरी म्हणजे ‘वस्तू’ कशी? १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगदी मोजक्या वाक्यांत सांगितलं की ग्रँड कॅन्यन ही असाधारण वैज्ञानिक महत्त्वाची वस्तू आहे, आणि मुद्दा मिटवला. त्या मोजक्या वाक्यांवर पुढची शंभर वर्षं उभी आहेत.

१९७६ चा कॅपर्ट खटला मला याहून जास्त आवडतो. नेवाडात डेव्हिल्स होल नावाचं भूगर्भातलं एक कुंड आहे. त्यात एक छोटा मासा राहतो, आणि तो निसर्गतः जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. १९५२ मध्ये ट्रूमन यांनी हे कुंड भोवतालच्या ४० एकरांसह डेथ व्हॅली स्मारकाला जोडलं. शेजारच्या मोठ्या शेतमालकाने विहिरी खणून उपसा सुरू केला तशी कुंडाची पातळी खाली गेली आणि मासा जिथे अंडी घालतो तो उथळ खडक उघडा पडू लागला. न्यायालयाने म्हटलं की मासाही कायद्यातल्या ‘वस्तू’त बसतो, आणि जमीन राखली गेली त्याच दिवशी त्या माशाला जगण्यापुरतं पाणीही राखलं गेलं. शेजाऱ्याला उपसा मर्यादित करावा लागला. ४० एकरांच्या एका घोषणापत्राने कुंपणापलीकडच्या विहिरींवर बंधन आणलं. पश्चिमेतल्या पाणीटंचाईच्या प्रदेशात याचा अर्थ काय होतो, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

तात्पर्य, स्मारक *जाहीर* करण्याच्या बाजूने न्यायालयं सातत्याने राष्ट्राध्यक्षाच्या पाठीशी राहिली. १९४३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टनी वायोमिंगमध्ये जॅक्सन होल स्मारक केलं तेव्हा चिडलेल्या गुराख्यांनी बंदुका घेऊन शेकडो गुरं त्यातून हाकत नेली. त्यांच्याबरोबर वॉलेस बीरी हा सिनेनटही होता. राज्याने खटला भरला. न्यायाधीशाने १९४५ मध्ये तो फेटाळताना म्हटलं की हा काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यातला वाद आहे, त्यांनीच तो सोडवावा. काँग्रेसने स्मारक रद्द करण्याचं विधेयक मंजूर केलं होतं, ते रूझवेल्टनी नकाराधिकाराने अडवलं होतं, आणि शेवटी १९५० मध्ये तडजोड झाली: स्मारकाचा बहुतेक भाग ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात गेला, पण यापुढे वायोमिंगमध्ये काँग्रेसच्या संमतीशिवाय नवं स्मारक नाही. अलास्कातही तसंच झालं. कार्टर यांनी १ डिसेंबर १९७८ रोजी एका दमात १७ स्मारकं केली, क्षेत्र साडेपाच कोटी एकरांच्या वर. दोन वर्षांनी काँग्रेसने अलास्कासाठी कायदा केला आणि ५,००० एकरांपेक्षा मोठ्या क्षेत्रासाठी आपली मंजुरी सक्तीची केली. व्यवस्था जशी चालायला हवी तशी ती चालली, ती इथे. राष्ट्राध्यक्षाने तातडीने राखलं आणि काँग्रेसने नंतर बसून हिशेब केला.

मग काढून घेण्याचं काय? तुमच्या शंकेकडे येतो.

आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २१ आहे. अधिसूचना, आदेश, नियम काढण्याच्या अधिकारातच ते बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार गृहीत धरावा, असं ते सांगतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला लागू होईल असं कुठलंही सर्वसाधारण कलम नाही. तिथे प्रत्येक कायदा स्वतंत्रपणे वाचावा लागतो. आणि आपल्याकडेसुद्धा संसदेला हवं तिथे तिने कलम २१ ची वाट बंद केली आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम २६अ नुसार अभयारण्याच्या सीमा राज्य सरकारला एकट्याने बदलता येत नाहीत, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. सोलापूर-नगरच्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरवरून बाराशेच्या आसपास आणलं गेलं, तेव्हा तो प्रवास सर्वोच्च न्यायालयातून झाला. केवळ मंत्रालयातल्या एका सहीने ते होऊ शकलं नसतं.

अँटिक्विटीज ॲक्ट मात्र रद्द करण्याबाबत पूर्ण गप्प आहे. या मौनाचा अर्थ लावताना मला सर्वात पटणारा युक्तिवाद त्याच काळातल्या दोन शेजारी कायद्यांतून मिळतो. १८९७ मध्ये राखीव जंगलांबाबत काँग्रेसने स्पष्ट लिहिलं की राष्ट्राध्यक्षाला तो आदेश मागे घेता, बदलता किंवा स्थगित करता येईल. १९१० मध्ये जमिनी तात्पुरत्या राखण्याचा पिकेट ॲक्ट झाला, त्यातही लिहिलं की राष्ट्राध्यक्षाने किंवा काँग्रेसने मागे घेईपर्यंत हे आदेश राहतील. या दोहोंच्या मध्ये, १९०६ मध्ये, हे शब्द नाहीत. काँग्रेसला रद्द करण्याचा अधिकार द्यायचा होता तेव्हा तो कसा लिहायचा हे तिला नेमकं माहीत होतं. तिने राखण्याचा अधिकार सोपवला आणि मोकळं करण्याचा स्वतःकडे ठेवला, हाच सरळ अर्थ आहे. १९३८ मध्ये ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी चार्ल्स्टन बंदरातल्या कॅसल पिंकनी या किल्ल्याच्या निमित्ताने हेच मत दिलं होतं: राष्ट्राध्यक्षाला स्मारक रद्द करता येत नाही. तो किल्ला शेवटी १९५६ मध्ये काँग्रेसनेच यादीतून काढला.

दुसरी बाजू दुबळी नाही. कमिंग्ज यांनीच त्या मतात नमूद केलं होतं की राष्ट्राध्यक्षांनी वेळोवेळी स्मारकं *लहान* केली आहेत. १९१५ मध्ये वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टन राज्यातलं माउंट ऑलिंपस स्मारक जवळपास निम्मं केलं. केनेडींनी १९६३ मध्ये बँडेलियर स्मारकातली काही जमीन काढली, काही जोडली. १९१५ च्याच मिडवेस्ट ऑइल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की दीर्घकाळ चालत आलेल्या प्रथेला काँग्रेसने हरकत घेतली नाही, तर ती तिची मूक संमती समजावी. या निकालाच्या आधारे आज सरकारी वकील म्हणतात की लहान करण्याचीही प्रथा आहे.

पण १९७६ मध्ये चित्र बदललं. त्या वर्षीच्या फेडरल लँड पॉलिसी अँड मॅनेजमेंट ॲक्टने मिडवेस्ट ऑइलमधली ती मूक संमतीच अधिकृतपणे मागे घेतली. सोबत असंही लिहिलं की गृहखात्याच्या सचिवाने (तिकडे हे खातं जमिनींचं आहे, पोलिसांचं नाही) राष्ट्रीय स्मारकं बदलू किंवा रद्द करू नयेत. मसुदा करणाऱ्यांचा इथे घोळ झाला आहे, कारण स्मारक करण्याचा अधिकार सचिवाला मुळात कधी नव्हताच. एका बाजूचे वकील म्हणतात, बंदी सचिवावर आहे, राष्ट्राध्यक्षावर नाही. त्यावर काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीचा अहवाल वाचावा. स्मारकं बदलण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसकडेच राहील, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आणि १९६३ नंतर २०१७ पर्यंत एकाही राष्ट्राध्यक्षाने स्मारक लहान केलं नाही. प्रथेचाच आधार घ्यायचा, तर ही अर्ध्या शतकाहून जास्त काळाची प्रथाही मोजायला हवी.

आता बेअर्स इअर्स. ओबामांनी २८ डिसेंबर २०१६ रोजी ते जाहीर केलं: १३.५ लाख एकर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं मोठं. होपी, नावाहो, झूनी आणि यूट समाजाच्या दोन अशा पाच आदिवासी राष्ट्रांनी एकत्र येऊन त्याची मागणी केली होती. पूर्वजांची घरं, धान्यकोठारं, दफनभूमी, शिलाचित्रं, औषधी वनस्पती गोळा करायच्या जागा हे सगळं त्या पठारांवर आहे. ट्रम्प यांनी वर्षभरात ते सुमारे २ लाख एकरांच्या दोन तुकड्यांवर आणलं. त्याच दिवशी शेजारचं, क्लिंटन यांनी १९९६ मध्ये केलेलं ग्रँड स्टेअरकेस-एस्कलँटे जवळपास निम्मं केलं. त्या स्मारकाबद्दल यूटाचा राग मला समजतो. घोषणा यूटात नव्हे, शेजारच्या ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या काठावर झाली, आणि यूटाच्या लोकप्रतिनिधींना विश्वासात घेतलं गेलं नव्हतं. स्थानिकांशी न बोलता केलेलं संरक्षण कायद्यात टिकलं तरी गावात टिकत नाही.

आदिवासी राष्ट्रांनी २०१७ च्या आदेशाविरुद्ध लगेच राजधानी वॉशिंग्टनमध्ये दावे लावले. मग न्यायालयाने थांबवलं का नाही? कारण अमेरिकेत फिर्यादीला आधी सिद्ध करावं लागतं की आपल्याला प्रत्यक्ष, नेमकं नुकसान झालं आहे किंवा होऊ घातलं आहे. सरकारचं म्हणणं असं: जमीन केंद्राचीच आहे, फक्त खाणीच्या दाव्यांना खुली झाली आहे, अजून कोणी यंत्र आणलेलं नाही, मग नुकसान कुठे? २०१९ मध्ये न्यायाधीशांनी फिर्यादींना सांगितलं की वगळलेल्या जमिनीपैकी नेमक्या कोणत्या जागेवर तुमचं काय बिघडणार हे तपशिलाने मांडा. ते मांडण्यात, त्यावर उत्तरं देण्यात काळ गेला. निवडणूक झाली. बायडन यांनी ८ ऑक्टोबर २०२१ रोजी दोन्ही स्मारकं पूर्ववत केली आणि दावे तिथेच थिजले.

समुद्राच्या बाबतीतही हेच झालं. किनाऱ्यापलीकडच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रांबाबत वेगळा कायदा आहे, त्यातही राष्ट्राध्यक्षाला क्षेत्र राखता येतं आणि काढण्याबद्दल मौन आहे. ओबामांनी आर्क्टिकमधलं मोठं क्षेत्र राखलं, ट्रम्प यांनी ते खुलं केलं, आणि मार्च २०१९ मध्ये अलास्काच्या न्यायाधीश शॅरन ग्लीसन यांनी निकाल दिला की राखण्याचा अधिकार आहे, काढण्याचा नाही. माझ्या मते बरोबर निकाल. पण अपील चालू असताना बायडन आले, त्यांनी खुलं करणारा आदेश मागे घेतला, आणि अपील न्यायालयाने आता वादच उरला नाही म्हणून खालचा निकाल रद्दबातल केला. एकमेव थेट उत्तर मिळालं होतं, तेही पुसलं गेलं. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची, असा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे हा प्रश्न कायद्याने सुटण्याआधी मतपेटीने सुटतो, आणि पुढच्या मतपेटीने पुन्हा उघडतो. या जमिनींसाठी मला सर्वात मोठा धोका हाच वाटतो. उकरलेली दफनभूमी पुढच्या निवडणुकीने पूर्ववत होत नाही.

२०२१ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि संरक्षणाच्या बाजूने लढणाऱ्यांनी ती गंभीरपणे घ्यायला हवी. अटलांटिकमधल्या एका सागरी स्मारकाविरुद्ध मच्छीमारांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली नाही, पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी स्वतंत्र टिपण जोडलं. कायद्यातली ‘कमीत कमी जमीन’ ही मर्यादा जणू उरलीच नाही, असा त्याचा रोख होता, आणि योग्य खटला आणा असं जवळजवळ आमंत्रणच त्यात होतं. यूटाने ते ऐकलं. २०२२ मध्ये राज्याने बायडन यांच्या आदेशाविरुद्ध दावा लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश डेव्हिड नफर यांनी तो फेटाळला: राष्ट्राध्यक्षाने आपल्या विवेकाने केलेल्या या निर्णयाची छाननी न्यायालय करू शकत नाही. प्रकरण अपिलात गेलं.

माझ्या ओळखीच्या बऱ्याच पर्यावरणवाद्यांनी त्या दिवशी आनंद व्यक्त केला. मला तो निकाल अस्वस्थ करतो. राष्ट्राध्यक्षाचा विवेक तपासायचाच नाही असं एकदा ठरलं, तर उद्या ‘मला हे क्षेत्र कमीत कमीपेक्षा मोठं वाटतं, म्हणून छाटतो’ असं म्हणणाऱ्यालाही तीच ढाल मिळते. २०१७ चा आदेश नेमका याच भाषेत लिहिलेला होता. दिलेला अधिकार कसा वापरला, हा एक प्रश्न. अधिकार मुळात आहे का, हा वेगळा. दुसरा प्रश्न न्यायालयाने नेहमीच तपासला पाहिजे, आणि पहिलाही थोडाफार तपासला गेला तर संरक्षणाचं नुकसान होईल असं मला वाटत नाही. चांगलं घोषणापत्र छाननीत टिकतं. बायडन यांच्या २०२१ च्या घोषणापत्रात दरीमागून दरी, पठारामागून पठार कोणत्या वस्तू आहेत याची लांबलचक नोंद आहे, आणि हा संपूर्ण प्रदेशसुद्धा स्वतः एक वस्तू आहे असंही म्हटलं आहे. त्यातली नोंद भक्कम आहे. ‘संपूर्ण प्रदेश ही वस्तू’ हा भाग मात्र रॉबर्ट्स यांच्यासमोर उभं राहून मांडायचा झाला, तर मी तो शेवटी मांडेन.

२०२५ मध्ये सरकारने आपली भूमिका उघड बदलली. न्याय खात्याच्या कायदेशीर सल्ला विभागाने मे महिन्यात मत दिलं की कमिंग्ज यांचं १९३८ चं मत चूक होतं, आणि राष्ट्राध्यक्ष स्मारक पूर्णपणे रद्दही करू शकतो. निमित्त होतं बायडन यांनी जाताजाता जानेवारीत कॅलिफोर्नियात केलेल्या चकवाला आणि साटीटला या दोन स्मारकांचं. हे मत न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण सत्तेशी जोडलेल्या कोणाही वकिलाला ‘आधीचं अधिकृत मत विरुद्ध आहे’ असं म्हणून राष्ट्राध्यक्षाला थांबवण्याची सोय होती, ती आता राहिली नाही.

व्यवहारातली एक गोष्ट, कारण ती वर्तमानपत्रांत हमखास चुकीची येते. स्मारक जाहीर झाल्याने कोणाची खासगी जमीन जात नाही. आधीचे वैध खाणहक्क राहतात, गुरं चारण्याचे परवाने बहुतेक वेळा चालू राहतात. थांबतात ते नवे खाणदावे आणि नवे तेल-वायूचे भाडेपट्टे. म्हणून २०१७ च्या आदेशात वगळलेली जमीन ६० दिवसांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये नव्या दाव्यांना खुली झाली, आणि १८७२ च्या खाणकायद्याखाली दावा लावणं सोपं असतं. तो एकदा वैध ठरला, तर पुढच्या राष्ट्राध्यक्षाने जमीन पुन्हा स्मारकात घेतली तरी टिकून राहतो.

तुम्ही तरुण सहकाऱ्यांना हा विषय शिकवणार असाल, तर ग्रँड कॅन्यनच्या कॅमेरॉन खटल्यापासून सुरुवात करू नका. घटनेतलं चौथ्या अनुच्छेदाचं ते एक वाक्य, मग १८९७, १९०६ आणि १९१० चे तीन कायदे शेजारी ठेवून वाचायला द्या. आणि पुढे बेअर्स इअर्ससारखा खटला पुन्हा उभा राहिला, तर तो पाच आदिवासी राष्ट्रांच्या नावानेच उभा राहावा असं मला मनापासून वाटतं. कोणत्या दरीत कोणाच्या पूर्वजांची कोठारं आहेत आणि कोणत्या उतारावर कोणती वनस्पती दर वर्षी तोडली जाते, हे त्यांना नाव घेऊन सांगता येतं. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी मागितला होता तो तपशील हाच.